अंगणातला बाजार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एप्रिल सरत आला की अमेरिकेतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर पुठ्ठ्याच्या पाट्या दिसू लागतात: बाण, पत्ता आणि मार्करने लिहिलेलं ‘सेल’. मागच्या अंकात आम्ही याच विषयावर प्रश्न मागवले होते. निम्मी पत्रं बिडाच्या तव्याबद्दलच निघाली, म्हणून ते उत्तर ऐसपैस दिलं आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न: आम्ही नुकतेच न्यू जर्सीत आलो. यार्ड सेल, गराज सेल, मूव्हिंग सेल, इस्टेट सेल ही एकाच गोष्टीची नावं आहेत का? कुठून सुरुवात करावी?

यार्ड आणि गराज सेल एकच. माल हिरवळीवर मांडला की यार्ड, गाडीच्या खोलीत मांडला की गराज. कनेटिकट, मॅसॅच्युसेट्सकडे त्यालाच टॅग सेल म्हणतात. इथे घरमालक स्वतः नको असलेल्या वस्तू विकतो. त्यामुळे भाव कमी, पण मालही तसाच: वापरून झालेला आणि कंटाळा आलेला. मूव्हिंग सेलमध्ये मात्र चांगल्या वस्तू निघतात, कारण त्या नकोशा नसतात, ट्रकमध्ये मावत नसतात. इस्टेट सेल म्हणजे अख्खं घर विक्रीला. कपाटं, ड्रॉवर, तळघर सगळं उघडं असतं आणि ते चालवायला बहुतेक वेळा एखादी कंपनी नेमलेली असते. चर्चच्या रमेज सेलमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत, शेवटच्या काही तासांत ‘पिशवी भरा, अमुक डॉलर द्या’ असा प्रकार असतो. मुलांची पुस्तकं आणि कपडे घ्यायला त्याहून चांगली जागा नाही.

तुमच्या भागातला खरा मोसम एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत. शोधायला क्रेगलिस्टचा गराज सेल विभाग, फेसबुक मार्केटप्लेस, नेक्स्टडोअर आणि इस्टेट सेलसाठी इस्टेटसेल्स डॉट नेट पुरेसं आहे. यादीतले फोटो बघताना पुढची वस्तू सोडा, मागचं बघा. सोफ्याच्या फोटोत मागच्या फळीवर कॅमेरे किंवा शिवणयंत्राची पेटी दिसली, तर तो पत्ता वर घ्या. अनेक गावं वर्षातून एकदा गावभर सेल ठेवतात. त्या दिवशी एका गल्लीत गाडी लावून पायी फिरलं की दोन तासांत तीस अंगणं होतात.

निघायची वेळ: जाहिरातीत आठ लिहिलं असेल तर आठ. ‘अर्ली बर्ड नको’ लिहिलेलं असताना सव्वासातला बेल वाजवणाऱ्याला दिवसभर चढाच भाव ऐकायला मिळतो. सोबत एक आणि पाच डॉलरच्या नोटा, थोडे क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी), मोजायची टेप, लहान टॉर्च, लोहचुंबक, दोन-चार पेन्सिल सेल, एक एक्स्टेन्शन कॉर्ड आणि जुनी चादर. गाडीची डिकी आणि घरातल्या रिकाम्या जागांची मापं फोनमध्ये लिहून ठेवा. ‘बसेल बहुतेक’ म्हणून घेतलेलं कपाट जिन्याच्या वळणावरच अडतं.

प्रश्न: इस्टेट सेलला गेलो तर दाराबाहेर रांग, हातात नंबर, आत ढकलाढकली. यात काही शिस्त असते का?

असते, फक्त कुणी समजावून सांगत नाही. कंपनी उघडायच्या तासभर आधी नंबरांचे कागद वाटते आणि दार उघडल्यावर पंधरा-वीस जणांना सोडते. कधीकधी त्याही आधी पहिला आलेला माणूस कागदावर नावं लिहायला लागतो. ती यादी कंपनी मानेलच असं नाही, म्हणून जाहिरातीतला नियम आधी वाचा. मोठी पिशवी किंवा पाठपिशवी बाहेर ठेवायला लावतात. काही ठिकाणी बुटांवर प्लास्टिकची आवरणं चढवावी लागतात.

आत गेल्यावर आवडलेली छोटी वस्तू हातात घ्या. खाली ठेवली की ती तुमची राहिली नाही. मोठ्या वस्तूच्या चिठ्ठीला खाली फाडायचा तुकडा असतो. तो फाडून गल्ल्यावर नेला की वस्तू तुमची. चिठ्ठीला तुकडाच नसेल तर माणूस बोलावून ‘सोल्ड’ लिहून घ्या. ‘मी आधी पाहिलं होतं’ या वाक्याला तिथे किंमत नाही.

भाव साधारण असे उतरतात: पहिल्या दिवशी पूर्ण, दुसऱ्या दिवशी पाव ते तिसरा हिस्सा कमी, शेवटच्या दिवशी निम्मे. हे ठरलेलं नसतं, दारावर लिहिलेलं असतं. कंपनीला विक्रीतून भरपूर वाटा मिळतो, बऱ्याचदा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. त्यामुळे पहिल्या दिवशी, म्हणजे बहुधा शुक्रवारी, सकाळी घासाघीस केली तर फक्त हसू मिळेल. व्यापारी पहिल्या तासात दागिने, घड्याळं आणि चांदी उचलतात. तुम्ही उलट्या दिशेने जा: तळघर, गराज, स्वयंपाकघराचे खालचे कप्पे, चादरींचं कपाट. चांगल्या सुती चादरी, लोखंडी भांडी, हत्यारं तिथे शांतपणे पडलेली असतात. शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी काय उरतं? पुस्तकं, काचेची भांडी, मोठं फर्निचर. जेवणाचं सहा खुर्च्यांचं भक्कम टेबल हवं असेल तर रविवारच तुमचा वार. फक्त नेण्याची सोय त्याच दिवशी करावी लागते.

एक व्यवहारी गोष्ट. विक्री ‘जशी आहे तशी’ असते, परत घेत नाहीत. विजेची वस्तू तिथल्याच प्लगमध्ये लावून बघा.

प्रश्न: बाबा पुण्याहून आले आहेत. वीस डॉलरच्या खुर्चीला त्यांनी थेट पाच म्हटलं आणि बाई रागावून आत गेली. भाव करायचा की नाही?

करायचा. पण मंडईतला सूर इथे चालत नाही. वस्तूला नावं ठेवून भाव पाडणं ही आपल्याकडची कला. इथे ती बाई त्या खुर्चीत वीस वर्षं बसलेली असते. वीसच्या जागी पंधराला देणार का, असं हसून विचारा. पाव ते तिसरा हिस्सा कमी मागणं सभ्य समजलं जातं, निम्म्याखाली गेलात की बोलणं संपतं. सगळ्यात चांगला रस्ता ढिगाचा: चार-पाच वस्तू एकत्र करा आणि सगळ्यांचे मिळून किती, असं विचारा. एका वस्तूवर दोन डॉलर न सोडणारा माणूस ढिगावर सहज आठ सोडतो. दुपारी बारानंतर सामान परत आत न्यायचा कंटाळा तुमच्या बाजूने काम करतो.

एक डॉलरच्या वस्तूवर भाव करू नये. आणि पाच डॉलरवर सौदा झाल्यावर शंभरची नोट काढू नये. बाबांना सांगा, सौदा ठरला की हात मिळवा. त्यात त्यांचा सराव नक्की कामी येईल.

प्रश्न: ओहायोत गराज सेलला गंजलेले बिडाचे तवे पाच-दहा डॉलरला दिसतात. भाकरी, घावन, थालीपीठाला चालतील का? चांगला कसा ओळखायचा आणि गंज कसा काढायचा?

चालतील, आणि तुम्ही राहता ती जागा या बाबतीत नशिबाची आहे. वॅग्नरचा कारखाना तुमच्याच राज्यात, सिडनीला होता. ग्रिसवोल्डचा शेजारी पेनसिल्व्हेनियात, इरीला, तो १९५७मध्ये बंद झाला. या जुन्या भांड्यांची आतली बाजू कारखान्यात घासून गुळगुळीत केलेली असे. आजच्या बहुतेक नव्या बिडाला वाळूच्या साच्याचा खडबडीतपणा तसाच ठेवलेला असतो. घावन सुटायला गुळगुळीत बाजू बरी पडते, शिवाय जुना तवा वजनालाही हलका असतो. मुठीवर किंवा तळावर ८ आकडा दिसला तर तो इंच नव्हे. तो जुन्या चुलीच्या भोकाचा नंबर. आठ नंबरचं पॅन वरून साधारण साडेदहा इंच भरतं. भाकरीला मात्र कडा नसलेला सपाट गोल ‘ग्रिडल’ शोधा, उलथनं आडवं जातं.

घेताना हे बघा. मुठीला धरून लोंबकळत ठेवा आणि लाकडी चमच्याने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. नाद शंभर टक्के खात्रीचा नाही, म्हणून टॉर्चने कडेला केसासारखी रेघ शोधा. मग काचेच्या किंवा खात्रीने सपाट अशा पृष्ठभागावर ठेवून कडा दाबा. डुगडुगला किंवा भोवऱ्यासारखा फिरला तर तळ फुगलेला आहे. गॅसवर थोडं खपतं, काचेच्या सपाट शेगडीवर नाही. काही जुन्या तव्यांच्या तळाला बाहेरून उंच कडं असतं, तेही काचेच्या शेगडीला नीट टेकत नाही. लालसर-गुलाबी, पापुद्र्यासारखा डाग दिसला तर ते भांडं कधीतरी आगीत तापलं आहे. त्यावर तेलाचा थर टिकत नाही, सोडून द्या. गंजाने खड्डे पडले असतील तर कढईला चालेल, घावनाला नाही. वरवरच्या गंजाला घाबरू नका.

एका गोष्टीला मात्र घाबरा. पूर्वी शिकारी आणि मासेमार बिडाच्या भांड्यात शिसं वितळवून गोळ्या आणि गळाची वजनं ओतत. ज्या फळीवर साचे, गळ, काडतुसं आहेत, तिथलं भांडं स्वयंपाकाला घेऊ नका. शिसं घासून गेल्याची खात्री घरी करता येत नाही.

आता सफाई. आधी जुना काळा चिकट थर काढायचा. रबरी हातमोजे घाला, भांड्यावर लाय (कॉस्टिक सोडा) असलेला ओव्हन क्लीनर फवारा, जाड कचऱ्याच्या पिशवीत बांधून एक-दोन दिवस बाहेर, मुलांपासून लांब ठेवा. मग घासून धुवा. जाडजूड थर असेल तर पुन्हा एकदा. गंजासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात तवा अर्धा तास बुडवा, काढा, तारेच्या घासणीने घासा. गंज उरला तर परत अर्धा तास, पण रात्रभर कधीच नाही. गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं आणि तवा करडा, खरखरीत होतो. ओव्हनचं सेल्फ-क्लीन बटण दाबून थर जाळायचा सोपा उपाय लोक सांगतात. त्या तापमानाला तवे वाकतात आणि तडकतात.

धुतल्याबरोबर कोरडा करून २०० अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. उघडं बीड पाण्यात डोळ्यांदेखत गंजतं. कोमट असतानाच कॅनोला किंवा द्राक्षबियांचं तेल सगळीकडे, मुठीलाही, चोळा. आणि मग ते तेल चुकून लागलं आहे असं समजून कोरड्या फडक्याने पुसून टाका. इथेच बहुतेकांचं चुकतं. तेल जास्त राहिलं की थर चिकट, डागाळलेला होतो. पालथा ठेवून ४५० अंशाला एक तास, आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. असं तीनदा. जवसाच्या तेलाची खूप शिफारस ऐकाल. त्याचा थर दिसतो सुंदर, पण पुढे पापुद्रे निघतात.

पहिले आठ-दहा दिवस थालीपीठं, पराठे, कांदाभजी असं तेलकट करा. चिंच, आमसूल, टोमॅटो लांब ठेवा, आंबट लागलं की कोवळा थर सुटतो. भाकरी तेलाविना भाजली जाते, म्हणून ती थर मुरल्यावर. रोज साबणाचा एक थेंब चालतो, पाण्यात भिजत ठेवणं चालत नाही.

जाता जाता: सात गोल खळगे असलेलं बिडाचं जाड भांडं दिसलं आणि विकणाऱ्याला ते काय आहे हे सांगता आलं नाही, तर ते डॅनिश लोकांचं एब्लेस्किव्हर पॅन. आयोवा, मिनेसोटाकडे जास्त मिळतं. आपल्यासाठी ते आप्पेपात्र आहे, आणि आप्पे त्यात जरा मोठे आणि फार छान खरपूस होतात.

प्रश्न: जुन्या रंगीत नक्षीच्या पायरेक्स वाडग्यांत लोणचं कालवलं तर चालेल का?

लोणचं नको. जुन्या काचेवरच्या बाहेरच्या नक्षीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि तेलकट हातांनी, आंबट मसाल्यांनी, घासणीने ती नक्षी झिजत जाते. आतून साधी पांढरी काच असेल तर पीठ किंवा कोरडं सामान ठेवायला वापरा. नक्षी सुटून पूड हाताला लागत असेल तर फक्त शोभेला ठेवा. डिशवॉशरमध्ये हे वाडगे कधीच घालू नका, दोन-चार धुण्यांत रंग भुरकट होतो आणि मोलही जातं. लोणच्याला साधी पारदर्शक काच बरी, ती कुठल्याही सेलमध्ये पन्नास सेंटला मिळते.

प्रश्न: पहिलं बाळ येतंय. पाळणा, कार सीट, खुर्ची हे सगळं सेलमधून घ्यावं का?

अर्धं घ्या. कार सीट अनोळखी माणसाकडून घेऊच नका. ती एकदाही अपघातातून गेली असेल तर वरून कळत नाही, आणि तिच्या बुडाशी मुदत छापलेली असते, मॉडेलनुसार बहुतेक सहा ते दहा वर्षांची. पाळण्याची एक बाजू खाली सरकणारी असेल तर तसे पाळणे २८ जून २०११पासून विकायला बंदी आहे, तरी गराजमधून अजून निघतात. दांड्यांमधलं अंतर २ पूर्णांक ३/८ इंचांपेक्षा जास्त नको. शीतपेयाचा कॅन त्यातून आरपार जात असेल तर नको. पाळण्याच्या कडेच्या जाड गाद्या आणि बाळाला तिरकं झोपवायच्या खुर्च्या यांवर २०२२मध्ये बंदी आली. ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकला की परत मागवलेल्या वस्तू कळतात. हे सेलच्या जागीच फोनवर करा. रंगवलेलं जुनं लाकडी खेळणं १९७८च्या आधीचं वाटलं तर शिशाच्या रंगाची शक्यता धरा.

कपडे, पुस्तकं, आंघोळीचा टब, स्ट्रोलर, लेगोच्या पिशव्या हे मात्र खुशाल घ्या. लेगो कोमट पाण्यात साबणाने धुवा, ४० अंश सेल्सियसच्या वर नाही, तुकडे वाकतात.

प्रश्न: पितळेच्या समया, चांदीचे चमचे स्वस्तात दिसतात. खरं काय, मुलामा काय, कसं ओळखावं?

पितळेला चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड, वर पितळेचा मुलामा. चिकटलं नाही म्हणजे पितळच असं नाही, जस्तालाही चिकटत नाही. म्हणून बुडाशी, जिथे घासलं गेलंय तिथे, पिवळा रंग कायम आहे की करडं दिसतंय ते बघा. आपल्याकडून गेलेल्या पितळी वस्तू बुडाशी ‘इंडिया’ असा ठसा घेऊन सेलमध्ये ढिगाने असतात. शोभेच्या पितळेवर लाखेसारखा पारदर्शक थर असतो, समई लावायची असेल तर तो काढावा लागतो, नाहीतर ज्योतीजवळ करपतो. खाण्याला वापरायचं पितळ कल्हईशिवाय नको, आणि अमेरिकेत कल्हईवाला शोधणं ही वेगळीच मोहीम आहे.

चांदीत एकच शब्द शोधा: ‘स्टर्लिंग’, किंवा ९२५ आकडा. ‘ईपीएनएस’ म्हणजे निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तेच, नावातच काय ती चांदी. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असा ठसा वाचून अनेकजण दीडशे वर्षांपूर्वीची चांदी समजून पैसे मोजतात. तो मुलाम्याच्या चमच्यांचा ब्रँड आहे, १८४७ हा त्याच्या नावाचाच भाग, बनवल्याचं साल नव्हे. रोज वापरायला हे चमचे उत्तम असतात, पण भाव स्टीलच्या जवळपासचाच द्या. स्टर्लिंग मेणबत्तीदाणीवर ‘वेटेड’ लिहिलं असेल तर आत सिमेंट किंवा डांबरासारखं भरताड आहे, चांदी पातळ पत्र्याइतकीच. सुऱ्यांची मूठ पोकळ आणि पातं स्टीलचं, म्हणून वजनावर जाऊ नका.

प्रश्न: पैठण्या आणि आईच्या गोधड्या ठेवायला सीडरचा, म्हणजे सुवासिक लाकडाचा, पेटारा घ्यायचा आहे. लेनचे बरेच दिसतात.

पेटारा चांगला, कुलूप नाही. लेन कंपनीच्या १९१२ ते १९८७ या काळातल्या पेटाऱ्यांचं कुलूप झाकण पडताच आपोआप लागतं आणि आतून उघडत नाही. आत लपलेली मुलं त्यात गुदमरून दगावली आणि १९९६मध्ये सुमारे १ कोटी २० लाख पेटाऱ्यांची कुलपं बदलण्याचं आवाहन निघालं. गराजमधल्या कित्येकांची अजून बदललेली नाहीत. घेतल्या घेतल्या स्क्रू काढून कुलूप बाजूला करा, दोन मिनिटांचं काम. तळावरचा अनुक्रमांक उलटा वाचला की तारीख मिळते: ०६५१५० उलटा केला की ०५१५६०, म्हणजे १५ मे १९६०.

पैठणी लाकडाला थेट लागू देऊ नका. सीडरच्या तेलाचे डाग पडतात, रेशीम आणि जर दोन्हींना ते वाईट. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा आणि वर्षातून दोनदा घडी बदला. वास गेला असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने आतून हलकं घासा, परत येतो. आतून व्हार्निश मारलं की वास कायमचा बंद.

प्रश्न: सोफा?

कापडी सोफा आणि गादी नको. ढेकूण. कुणी फुकट दिला तरी शिवणींत, बटणांखाली, बुडाच्या कापडाच्या कडेला टॉर्च मारून काळे ठिपके शोधल्याशिवाय गाडीत घालू नका. लाकडी खुर्ची, लोखंडी पलंग यांच्याही सांध्यांत बघा. कपडे, पडदे, गोधड्या घरात न्यायच्या आधी ड्रायरमध्ये सगळ्यात जास्त उष्णतेवर किमान अर्धा तास फिरवा. धुण्याने नाही, उष्णतेने ढेकूण मरतात.

प्रश्न: जुना रेकॉर्ड प्लेअर, विजेचं घड्याळ आणि सिंगरचं छोटं शिवणयंत्र भारतात न्यायचा विचार आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

शिवणयंत्राचं झालं, बाकीच्यांचं नाही. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२० करतो, पण अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आणि आपली ५० ची, ते तो बदलत नाही. जुनी विजेची घड्याळं या आवर्तनांवरच चालतात. पुण्यात ती दर तासाला दहा मिनिटं मागे पडतील. तशीच मोटर असलेला जुना रेकॉर्ड प्लेअर ३३ १/३ ऐवजी मिनिटाला जेमतेम २८ फेरे घेईल आणि गाणारा खर्जात जाईल. बॅटरीवर चालणारं घड्याळ न्या. रेकॉर्ड प्लेअर घ्यायचाच तर क्वार्ट्झ नियंत्रित मोटरचा.

छोटं सिंगर म्हणजे बहुधा २२१, फेदरवेट. १९३३मध्ये आलं, अॅल्युमिनियमचं, वजन ११ पौंड. घेताना हाताने चाक फिरवा, अडखळायला नको. वायरीचं रबर वाकवून बघा, तुकडे पडत असतील तर लावू नका. आणि बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ बसतं ती डबी, जागेवर आहे याची खात्री करा. ती हरवलेली असते म्हणूनच यंत्र स्वस्त असतं, आणि नुसती केस घ्यायला गेलात तर बरीच महाग पडते. टीप सरळ एकच, पण फार सुबक. गोधडीचे तुकडे जोडायला अप्रतिम. सहा पदरी गोधडी दोरे घालून शिवायला मात्र याचा हात लहान पडतो.

प्रश्न: आम्ही मेमध्ये कायमचे भारतात परतणार आहोत. मी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. घरचं सामान सेल लावून विकलं तर व्हिसाला अडचण येते का? करही लागतो का?

स्वतः वापरलेलं घरचं सामान एकदा विकणं म्हणजे नोकरी किंवा धंदा नव्हे. घेतल्या भावापेक्षा कमीत विकलं तर नफा नाही, म्हणून त्यावर केंद्रीय आयकरही नाही. दर आठवड्याला इस्टेट सेलमधून माल उचलून ऑनलाइन विकणं ही वेगळी गोष्ट. तो धंदा आहे आणि कामाच्या परवान्याशिवाय एच-४ वर करू नये. तसं काही डोक्यात असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

सेल लावण्याआधी नगरपालिकेला फोन करा. अनेक गावांत परवाना लागतो आणि वर्षातून किती सेल चालतात यावर मर्यादा असते. सोसायटीत राहत असाल तर तिचे नियम वेगळे. पाट्या विजेच्या खांबांवर लावू नका, दंड होतो. गल्ल्यात सुट्टे: एक डॉलरच्या २०, पाचच्या १० नोटा आणि क्वार्टरचा एक रोल, त्यात ४० नाणी येतात. प्रत्येक वस्तूवर भाव चिकटवा. भाव नसलेली वस्तू लाजाळू गिऱ्हाईक विचारतच नाही. कढया, कुकर, वेट ग्राइंडर हे वेगळ्या टेबलावर ठेवा आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर आदल्या दिवशी फोटो टाका, ते अंगणात यायच्या आतच जातात. कुकरची रिंग जुनी असेल तर तसं सांगून विका.

प्रश्न: सासूबाई म्हणतात, गेलेल्या माणसाच्या घरातल्या वस्तू आणू नयेत.

इस्टेट सेल दरवेळी मृत्यूनंतरच होते असं नाही. वृद्धाश्रमात किंवा लहान घरात जाणाऱ्यांच्याही असतात, जाहिरातीत ‘डाउनसायझिंग’ लिहिलेलं असतं. तशाच सेलला जा. तरीही मन घेत नसेल तर पलंग, कपडे, देवाजवळ ठेवायचं भांडं सोडा आणि बागेची हत्यारं, कुंड्या, पुस्तकं आणा. एवढ्यावर बहुतेक सासूबाई राजी होतात, कुंड्या तर त्या स्वतःच निवडतात.

प्रश्न: पाऊस आला तर?

जाहिरातीत ‘रेन डेट’ बघा, बहुतेक दुसऱ्या दिवसाची किंवा पुढच्या शनिवारची असते. इस्टेट सेल घरात असते, ती होतेच, आणि पावसात रांग निम्मी असते.